थांबू नका, घड्याळ बघा: आर्डुइनोवर अनेक कामं एकत्र कशी चालवायची

आर्डुइनोचा बोर्ड हातात आला की बहुतेकांचा पहिला प्रोग्राम ठरलेला असतो. बोर्डावरचा एलईडी एक सेकंद लावायचा, एक सेकंद विझवायचा. त्यासाठी 'डिले' ही सूचना वापरतात; तिचा अर्थ 'इतके मिलिसेकंद थांब'. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एलईडी छान लुकलुकतो. मग त्याच प्रोग्रामात आपण एक बटण जोडतो, आणि ते दाबल्यावर कधी काम होतं, कधी होत नाही. वायर हलवून झाल्या, बटण बदलून झालं, तरी तेच. अशा वेळी दोष बहुधा प्रोग्राम वेळ कशी घालवतो यात असतो.

तो कसा शोधायचा आणि काढायचा, हे एका उदाहरणावरून पाहू. बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं एक छोटं यंत्र आपल्याला बनवायचं आहे. बोर्ड आर्डुइनो ऊनो आर३. त्याला मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, रिलेवर चालणारा छोटा पंप, एक बटण आणि एक एलईडी जोडलेला आहे. रिले म्हणजे बोर्डाच्या छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच.

पायरी १: कामांची यादी आणि प्रत्येकाची वेळ

कोड लिहिण्याआधी कागद घ्या. प्रत्येक काम किती वेळाने करायचं ते लिहा. आपली यादी अशी होईल: एलईडी दर अर्ध्या सेकंदाला बदलायचा, ओलावा दर १० मिनिटांनी मोजायचा, माती कोरडी असेल तर पंप ४ सेकंद चालवायचा, आकडे दर २ सेकंदांनी कॉम्प्युटरवर दाखवायचे, आणि बटण मात्र कधीही दाबलं तरी लगेच कळायला हवं.

शेवटचं काम बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. त्याला ठरलेली वेळ नाही. म्हणून प्रोग्रामला सतत मोकळं राहावं लागतं, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

पायरी २: डिले नेमकं काय करतं

पंप लावा, ४००० मिलिसेकंदांचा डिले, पंप बंद करा, असं लिहिलं तर पंप बरोबर ४ सेकंद चालतो. पण ते ४ सेकंद मुख्य प्रोग्राम त्याच ओळीवर उभा असतो. एलईडी गोठतो. कुंडी भरून वाहायला लागली म्हणून आपण बटण दाबून सोडलं, तर ते प्रोग्रामच्या गावीही नसतं. पंप थांबवायला बटण ठेवलं, आणि पंप चालू असतानाच ते ऐकलं जात नाही.

वॉर्डातली नर्स एका पेशंटचं सलाइन संपेपर्यंत त्याच्या खाटेशी उभी राहत नाही. ती फेरी मारते. मागचं औषध किती वाजता दिलं ते खाटेजवळच्या कागदावर बघते, वेळ झाली असेल तर औषध देऊन नवी वेळ लिहिते, नाहीतर पुढच्या खाटेकडे जाते. आपला प्रोग्रामही असाच लिहायचा आहे. आर्डुइनोच्या प्रोग्रामातला 'लूप' हा भाग पुन्हा पुन्हा चालत असतो; ती आपली फेरी. तिच्यात कुठेही रेंगाळायचं नाही.

डिले अजिबात वापरू नये, असं मात्र नाही. सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या 'सेटअप' भागात, एखाद्या सेन्सरला जागं व्हायला थोडा वेळ देण्यासाठी तो चालतो. लूपमध्ये मात्र तो टाळावा.

पायरी ३: बोर्डाचं घड्याळ

बोर्डावरचा प्रोग्राम सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे 'मिलिस' नावाचं फंक्शन सांगतं. किती वाजले ते त्याला ठाऊक नसतं. ते फक्त गेलेला वेळ मोजतं. ते विचारायला काही मायक्रोसेकंदच लागतात (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). त्यामुळे प्रत्येक फेरीत विचारलं तरी बिघडत नाही.

या घड्याळाची एक खोड लक्षात ठेवा. ऊनोवरची एटीमेगा३२८पी चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालते. त्यातून मिळणारी घड्याळाची टिकटिक १.०२४ मिलिसेकंदांची असते, बरोबर एकची नाही. हा फरक साठत जातो आणि साधारण दर ४२ टिकटिकींनंतर मिलिस एकदम २ ने पुढे जातो. म्हणजे मधला एखादा आकडा येतच नाही. म्हणून 'मिलिस बरोबर ५००० झाला का?' असं कधी विचारू नये. नेमका तोच आकडा गाळला गेला, किंवा त्या क्षणी प्रोग्राम दुसऱ्या कामात असला, तर ते काम राहूनच जाईल. 'इतका किंवा त्याहून जास्त वेळ झाला का?' असंच विचारायचं.

पायरी ४: एक वजाबाकी

आता मुख्य युक्ती. प्रत्येक कामासाठी दोन व्हेरिएबल ठेवा, म्हणजे आकडा साठवायच्या नाव दिलेल्या दोन जागा. एकीला 'मागची वेळ' म्हणू, दुसरीला 'अंतर'. (इथे नावं मराठीत दिली आहेत, प्रोग्रामात ती रोमन अक्षरांत लिहावी लागतात.) फेरीच्या सुरुवातीला मिलिसचा आकडा 'आत्ता' या व्हेरिएबलमध्ये घ्या. मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा:

'आत्ता' वजा 'मागची वेळ' हे 'अंतर' एवढं किंवा त्याहून जास्त आहे का?

असेल तर काम करा आणि 'मागची वेळ' नव्याने लिहा. नसेल तर पुढच्या कामाकडे जा. एलईडीचं अंतर ५००, आकडे दाखवण्याचं २०००, ओलावा मोजण्याचं ६,००,०००. प्रत्येकाची 'मागची वेळ' स्वतंत्र ठेवा. दोन कामांनी एकच व्हेरिएबल वापरलं, की एकाचं काम होताच दुसऱ्याची वेळ पुसली जाते आणि जास्त अंतराचं काम कधीच होत नाही.

आणखी एक चूक सहज होते. 'आत्ता' फेरीत एकदाच घ्या आणि त्या फेरीत सगळीकडे तोच वापरा. समजा फेरीच्या सुरुवातीला 'आत्ता' १०,००० होता. मधे बटण दाबलं गेलं आणि पंप सुरू झाल्याची वेळ आपण ताज्या मिलिसवरून १०,००१ लिहिली. पुढच्याच ओळीत १०,००० वजा १०,००१ होतं. उत्तर उणे एक यायला हवं. पण या आकड्यांना ऋण चिन्ह नसतं, म्हणून येतं ४२९ कोटींच्या वर. प्रोग्राम समजतो की ४ सेकंद कधीच उलटले, आणि पंप सुरू होताक्षणी बंद पडतो.

पायरी ५: आकडा मावेल एवढं भांडं

वेळ साठवणारं प्रत्येक व्हेरिएबल 'अनसाइन्ड लाँग' या प्रकारचं असावं. त्यात ० ते ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचे आकडे मावतात. 'इंट' प्रकार ऊनोवर फक्त ३२,७६७ पर्यंत जातो, म्हणजे जेमतेम ३३ सेकंद. इंट वापरलेला प्रोग्राम टेबलावर अर्धा मिनिट छान चालतो आणि मग चक्रावतो.

ही चूक आणखी एका जागी दडलेली असते. १० मिनिटांचं अंतर आपण १० × ६० × १००० असं लिहिलं, तर व्हेरिएबल मोठं असूनही गुणाकार इंटच्या मापातच होतो. ६,००,००० त्यात मावत नाही, उरतात १०,१७६. ओलावा १० मिनिटांऐवजी सुमारे १० सेकंदांनी मोजला जातो. एक मिनिटासाठी ६० × १००० लिहिलं तर प्रकार आणखी विचित्र होतो. उत्तर उणे ५,५३६ येतं, मोठ्या व्हेरिएबलमध्ये गेल्यावर त्याचं जवळजवळ ५० दिवस होतं, आणि ते काम होतच नाही. उपाय सोपा आहे. पहिल्या आकड्याला 'यूएल' ही दोन अक्षरं जोडायची. मग सगळा गुणाकार मोठ्या मापात होतो.

पायरी ६: एकोणपन्नास दिवसांनंतर

मिलिसचा आकडा ४२९ कोटींच्या पुढे जाऊ शकत नाही. ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं आणि ४७ सेकंदांनी तो पुन्हा शून्यावर येतो. याची धास्ती घेऊन काही जण बोर्ड दर महिन्याला बंद-चालू करतात. वजाबाकी नीट लिहिली असेल तर त्याची गरज नाही.

मागची वेळ ४,२९,४९,६७,००० होती आणि घड्याळ फिरून आत्ता २०० झालं, असं धरा. २०० मधून एवढा मोठा आकडा वजा केला की अनसाइन्ड लाँगमध्ये उत्तर येतं ४९६. खरोखर गेलेला वेळही तेवढाच आहे. घड्याळ जसं फिरतं तशीच वजाबाकीही फिरते, म्हणून हिशेब जुळतो.

हाच प्रश्न 'आत्ता हे मागची वेळ अधिक अंतर यापेक्षा मोठं आहे का?' असा विचारला तर गणिताच्या वहीत फरक दिसत नाही, बोर्डावर दिसतो. शून्यावर यायच्या आधीच्या दहा मिनिटांत ओलावा मोजला गेला, की बेरीज ओसंडून एक छोटा आकडा तयार होतो. 'आत्ता' त्याहून मोठाच असतो. मग घड्याळ फिरेपर्यंत प्रत्येक फेरीत 'मोजायची वेळ झाली' असंच उत्तर येतं. म्हणून प्रश्न नेहमी वजाबाकीने विचारावा.

पायरी ७: नवी वेळ कशी लिहायची

काम झाल्यावर 'मागची वेळ' दोन प्रकारे लिहिता येते. एक, तिच्यात 'आत्ता' ठेवणं. दोन, तिच्यात 'अंतर' मिळवणं.

पहिल्या प्रकारात झालेला उशीर पुढे सरकत राहतो. सेकंदाचं काम दर वेळी ३ मिलिसेकंद उशिरा झालं, तर दिवसाअखेर सुमारे सव्वाचार मिनिटांचा फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात ताल सुटत नाही. पण प्रोग्राम कुठे २० सेकंद अडकला, तर सुटल्यावर राहिलेली वीसही कामं एकामागून एक धडाधड होतात.

लुकलुकणारा एलईडी आणि ओलाव्याची मोजणी यांना पहिला प्रकार पुरतो. सेकंद मोजायचे असतील तर दुसरा वापरा. पंपासारख्या गोष्टीला दुसरा प्रकार लावू नका. तुंबलेली पाळी एकदम मिळाली तर कुंडीत तळं होईल.

पायरी ८: पंपाच्या अवस्था

'४ सेकंद पंप चालव' हे एक काम दिसलं तरी त्याला टप्पे आहेत. पाणी घालून लगेच ओलावा मोजला तर ते सेन्सरपर्यंत मुरलेलं नसतं. माती अजून कोरडी दिसते आणि पंप पुन्हा सुरू होतो. सुरुवातीला कुंड्या हमखास अशाच बुडतात.

म्हणून पंपाच्या तीन अवस्था ठरवा: निवांत, पाणी सोडणं, मुरू देणं. सध्याची अवस्था एका व्हेरिएबलमध्ये असेल, आणि ती कधी सुरू झाली ते दुसऱ्यात. निवांत असताना माती कोरडी आढळली, किंवा बटण दाबलं गेलं, तर पंप लावा आणि 'पाणी सोडणं' मध्ये जा. तिथे ४ सेकंद झाले, किंवा बटण दाबलं गेलं, की पंप बंद करून 'मुरू देणं' मध्ये जा. तिथे १५ मिनिटं झाली की पुन्हा निवांत. या पद्धतीला 'स्टेट मशीन' म्हणतात.

अवस्था बदलताना तिची सुरुवातीची वेळ लिहायला विसरू नका. ती विसरली तर जुनी वेळ धरून हिशेब होतो आणि नवी अवस्था वेळेआधीच, कधी तर आल्याबरोबर, संपते.

पायरी ९: बटण

बटण प्रत्येक फेरीत वाचा. बोर्डातलाच पुल-अप वापरला, म्हणजे पिन एरवी ५ व्होल्टकडे ओढून ठेवली, तर दाबल्यावर 'लो' आणि सोडल्यावर 'हाय' मिळतं. अनेकांना हे उलटं वाटतं. ते बरोबरच आहे.

दाबताना बटणाचे पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात. फेरी जलद झाल्यामुळे प्रोग्रामला ती थरथरही दिसते आणि एका दाबण्याचे चार होतात. यावरही घड्याळच कामी येतं. बटणाची स्थिती बदलली की वेळ लिहून ठेवा, आणि ती ३० ते ५० मिलिसेकंद तशीच टिकली तरच खरी माना. काम करायचं ते बटण दाबलं जाण्याच्या क्षणी, एकदाच. ते दाबलेलं आहे तोवर प्रत्येक फेरीत करायचं नाही.

पायरी १०: लपलेले डिले शोधा

आपण लिहिलेले डिले काढले तरी लायब्ररीत, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडमध्ये, ते असू शकतात. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर पूर्ण अचूकतेने मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो, आणि त्याची नेहमीची लायब्ररी तेवढा वेळ थांबते. तिला 'थांबू नकोस' असं सांगता येतं: आधी मोजणी सुरू करायची आणि उत्तर ७५० मिलिसेकंदांनी घ्यायचं. सिरियलवरून, म्हणजे कॉम्प्युटरशी असलेल्या जोडणीवरून, अख्खं वाक्य वाचणारं 'रीड स्ट्रिंग' फंक्शन पुढचं अक्षर येतंय का, याची एक सेकंद वाट बघतं. 'पल्स इन' हे फंक्शनही अपेक्षित इशारा आला नाही तर एक सेकंद अडून राहतं.

कॉम्प्युटरवर आकडे पाठवणंही फुकट नाही. ९६०० बॉड या वेगाने एक अक्षर जायला एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त लागतं. अक्षरं आधी ६४ बाइटच्या राखीव जागेत जमतात. ती भरली की प्रोग्राम थांबतो. वेग १,१५,२०० ठेवा आणि कॉम्प्युटरवर हे आकडे दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरमध्येही तोच निवडा, नाहीतर पडद्यावर भलतीच अक्षरं दिसतील.

फेरी किती वेळ घेते ते मोजणं उत्तम. 'मायक्रोस' हे फंक्शन मायक्रोसेकंद सांगतं. प्रत्येक फेरीला लागलेला वेळ काढा, त्यातला सर्वांत मोठा जपून ठेवा आणि दर २ सेकंदांच्या आकड्यांत तोही दाखवा. सरासरी बघू नका; अडचण करते ती एखादीच लांबलेली फेरी. हा आकडा काही मिलिसेकंदांपुरता राहिला तर बटण कधीच चुकणार नाही.

पायरी ११: अडकलाच तर

प्रोग्राम कुठे अडकला आणि त्या वेळी पंप चालू असला तर? यासाठी चिपमध्ये 'वॉचडॉग' नावाचा पहारेकरी टायमर आहे. प्रत्येक फेरीत त्याला 'मी ठीक आहे' असं सांगावं लागतं. ठरलेल्या वेळेत, जास्तीत जास्त ८ सेकंदांत, निरोप आला नाही तर तो चिप नव्याने सुरू करतो. सेटअपमध्ये पंप बंद करणारी ओळ सर्वांत आधी ठेवा. काही रिले 'लो' दिल्यावर चालू होतात, तेव्हा आपला रिले कुठल्या प्रकारचा आहे ते आधी बघून घ्या. जुना बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असलेल्या काही नॅनो बोर्डांवर वॉचडॉगमुळे बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. म्हणून पंप न जोडता एकदा चाचणी घ्यावी.

या पद्धतीच्या मर्यादा

ऊनोचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं. कुंड्यांना ते पुरतं, पण रोज सकाळी ठीक सहाला पाणी द्यायचं असेल तर ते हळूहळू मागेपुढे होईल, आणि वीज गेली की सगळंच विसरेल. तिथे डीएस३२३१ सारखं बॅटरीवर चालणारं वेगळं घड्याळ लावा. ते वर्षाला साधारण मिनिटभरच चुकतं.

पाण्याच्या नळीतल्या फ्लो सेन्सरचे जलद ठोके मोजायचे असतील तर फेरीवर विसंबू नये. तिथे 'इंटरप्ट' वापरतात: ठोका आला की चिप हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून तो मोजते. त्यात फक्त मोजणीच करा. डिले किंवा सिरियलवर लिहिणं तिथे नको. तेवढ्यात मिलिसही पुढे सरकत नाही.

ईएसपी३२ सारख्या बोर्डांवर फ्रीआरटीओएस ही प्रणाली असते. ती प्रत्येक कामाला आळीपाळीने वेळ वाटते, त्यामुळे तिथला डिले फक्त त्या एका कामाला थांबवतो. ऊनोवर मेमरी २ किलोबाइट आहे आणि प्रत्येक कामाला तिथे वेगळी जागा द्यावी लागली असती. चार-पाच कामांसाठी आपली वजाबाकीच बरी.

शेवटची चाचणी

एकोणपन्नास दिवस थांबून बघायची गरज नाही. मिलिस थेट वापरण्याऐवजी आपलं एक छोटं फंक्शन लिहा, जे मिलिसमध्ये ४,२९,४९,००,००० मिळवून उत्तर देईल, आणि सगळीकडे तेच वापरा. सेटअपमध्ये प्रत्येक 'मागची वेळ' त्याच फंक्शनवरून भरा. ती शून्य राहिली तर सगळी कामं सुरुवातीलाच 'वेळ झाली' असं समजतील. आता घड्याळ ६७ सेकंदांतच शून्यावर येईल. पंपाच्या जागी दुसरा एलईडी लावा आणि ते ६७ सेकंद येण्याच्या बेतात बटण दाबून 'पाणी' सुरू करा. तो एलईडी ४ सेकंदांनीच विझला आणि पहिला आपल्या तालात लुकलुकत राहिला, तर मिळवलेला आकडा काढून टाका आणि पंप जोडा.